ध्वजातील छिद्र आणि अरबांचे उठाव

१७ डिसेंबर ही तारीख दोन उठावांच्या इतिहासात आहे. १९८९ साली या दिवशी रुमानियातील तिमिशोआरा शहरात लष्कराने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि आठवडाभरात चाउशेस्कूची राजवट कोसळली. त्यानंतर बरोबर एकवीस वर्षांनी, २०१० साली, ट्युनिशियातील सिदी बूझीद या गावात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी तो वारला. त्यानंतर दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून सौदी अरेबियात पळाले. तारखांचा हा मेळ केवळ योगायोगाचा आहे. त्यातून कोणताही सिद्धांत काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु २०११ साली जगभरचे भाष्यकार अरब देशांकडे पाहताना सतत १९८९ चे नाव घेत होते. मग १९८९ चा अनुभव घेतलेला, तोही आपल्या देशापासून दूर राहून घेतलेला, एखादा लेखक आपल्याला या उठावांकडे कसे पाहायला शिकवतो, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही आंद्रेई कोद्रेस्कू यांचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले 'द होल इन द फ्लॅग' हे पुस्तक निवडले.

कोद्रेस्कू यांचा जन्म १९४६ चा, ट्रान्सिल्व्हेनियातील सिबिउ शहरातला, ज्यू कुटुंबातला. १९६५ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पोहोचले. तिथे ते इंग्रजीत लिहिणारे कवी झाले, प्राध्यापक झाले, रेडिओवरील भाष्यकार म्हणून घरोघरी ओळखले गेले. डिसेंबर १९८९ मध्ये जवळजवळ पाव शतकाने ते मायदेशी परतले ते अमेरिकन रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे वार्ताहर म्हणून. पुस्तकाचे नाव त्या दिवसांतल्या एका दृश्यावरून आले आहे. लोकांनी राष्ट्रध्वजाच्या मध्यभागी असलेले साम्यवादी राजवटीचे चिन्ह कात्रीने कापून काढले होते. मधोमध भोक पडलेला तिरंगी ध्वज हीच क्रांतीची खूण झाली.

हे पुस्तक सरळ दोन भागांत मोडते. पहिल्या भागात परतलेल्या माणसाचा आनंद आहे. रस्त्यावर मेणबत्त्या पेटल्या आहेत, अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत आहेत, लेखकाला आपले बालपणाचे गाव पुन्हा सापडत आहे. दुसऱ्या भागात, १९९० च्या उन्हाळ्यात, तोच लेखक पुन्हा जातो आणि त्याला शंका घेरू लागतात. मे १९९० मध्ये इऑन इलिएस्कू हा जुन्याच पक्षातला नेता सुमारे ८५ टक्के मते घेऊन निवडून आला. जून महिन्यात खाणकामगारांना राजधानीत आणून विद्यापीठ चौकातल्या विद्यार्थ्यांना बडवण्यात आले आणि इलिएस्कूंनी त्या खाणकामगारांचे आभार मानले. तिमिशोआरात चार हजारांवर माणसे मारली गेल्याचे जगाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष आकडा शंभराच्या आसपास निघाला. सामूहिक दफनभूमीतले म्हणून जे मृतदेह कॅमेऱ्यांना दाखवले गेले, ते गोरगरिबांच्या कबरस्तानातून उकरून आणलेले होते. ज्या स्त्रीच्या अंगावर तान्हे बाळ ठेवलेले दाखवले, ती त्या बाळाची आई नव्हतीच. हे सारे कळल्यावर कोद्रेस्कू या निष्कर्षाला येतात की क्रांती म्हणून जे दाखवले गेले त्यातले बरेचसे रचलेले होते, आणि दूरचित्रवाणी ही त्या रचनेची रंगभूमी होती.

या पुस्तकाचे मोठेपण आमच्या मते त्याच्या प्रामाणिकपणात आहे. लेखकाने आपला पहिला आनंद लपवला नाही, पुसून टाकला नाही. आपण फसलो हे त्याने छापून सांगितले. आपली चूक कबूल करणारा भाष्यकार कोणत्याही भाषेत दुर्मीळच असतो. मराठीतही फारसा आढळत नाही.

आता हे पुस्तक हातात घेऊन अरब जगाकडे वळू.

पहिली गोष्ट अशी की कोद्रेस्कू यांचा इशारा इजिप्तच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरा ठरला. २५ जानेवारी २०११ ला लोक तहरीर चौकात उतरले आणि ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. या अठरा दिवसांत किमान ८४६ माणसे मारली गेल्याचे सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीने नोंदवले. पण मुबारक गेले तरी सत्ता ज्या लष्कराच्या हाती होती तिथेच राहिली. ९ ऑक्टोबर २०११ ला मास्पेरो येथे लष्कराची वाहने कॉप्टिक ख्रिस्ती निदर्शकांच्या अंगावर गेली. जून २०१२ मध्ये मोहम्मद मुर्सी निवडून आले. ३ जुलै २०१३ रोजी त्यांना लष्कराने हटवले आणि १४ ऑगस्टला राबिआ चौकात ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीप्रमाणे किमान ८१७ माणसे एका दिवसात मारली गेली. कात्रीने चिन्ह कापले, पण कापड तेच राहिले. रुमानियात इलिएस्कू, इजिप्तमध्ये लष्कर! जुने यंत्र नवे कपडे घालून कसे उभे राहते हे कोद्रेस्कू यांनी वीस वर्षे आधी लिहून ठेवले होते.

इजिप्तचे कादंबरीकार अला अल-अस्वानी यांनी २०१८ मध्ये बैरूतमध्ये प्रसिद्ध केलेली 'जुम्हूरिय्या कअन्न', म्हणजे 'जणू प्रजासत्ताक', ही कादंबरी या संदर्भात वाचण्यासारखी आहे. तीत नमाज न चुकवणारा सुरक्षा खात्याचा प्रमुख आहे, सत्तेला हवे ते पडद्यावरून सांगणारी नूरहान ही निवेदिका आहे, श्रीमंतांना सोयीचा दीन सांगणारा शेख आहे. दुसरीकडे सिमेंट कारखान्यातला माझेन आणि शिक्षिका अस्मा यांची पत्रे आहेत, आणि चौकाशेजारी राहणारा, आयुष्यात हरलेला अश्रफ हा कॉप्टिक नट आहे. दूरचित्रवाणीवरून खोटे कसे रचले जाते हे अस्वानीही दाखवतात. परंतु कोद्रेस्कू आणि अस्वानी यांच्यात एक फरक आहे आणि तो मोठा आहे. कोद्रेस्कू खोटे उघडे करता करता उठावाविषयीच साशंक होतात. अस्वानी खोटे सत्तेच्या पदरात टाकतात आणि उठाव करणाऱ्यांच्या हाती त्यांचे खरे जसेच्या तसे ठेवतात. या कादंबरीसाठी २०१९ मध्ये त्यांच्यावर लष्करी न्यायालयात तक्रार गुदरण्यात आली, हे येथे नमूद केले पाहिजे. खोटे नेमके कोणाचे होते हे सत्तेलाही कळले होते असाच त्याचा अर्थ आहे.

इथे आमचा कोद्रेस्कू यांच्याशी मतभेद सुरू होतो.

'हे सगळे घडवून आणलेले होते' हे वाक्य फसवणूक उघडी करण्यासाठी लिहिले जाते, पण ते लवकरच फसवणूक करणाऱ्यांच्या कामी येते. रुमानियात १९८९ च्या डिसेंबरमध्ये १,१०४ माणसे मेली. त्यांतली १६२ चाउशेस्कू पळण्यापूर्वी आणि ९४२ तो पळाल्यानंतर. म्हणजे 'विजया'नंतर मेलेली माणसे सहापट. सूत्रे कोणी हलवली याविषयी वाद घालता येईल, पण ही माणसे रचलेली नव्हती. त्यांची प्रेते उसनी आणलेली नव्हती. कटाची चर्चा जितकी रंगते तितका मेलेल्यांचा उल्लेख कमी होतो. इलिएस्कूंवर या मृत्यूंबद्दल खटला उभा राहायला जवळजवळ तीस वर्षे लागली आणि निकाल लागण्यापूर्वीच ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले. रुमानियाच्याच कॉर्नेलिउ पोरुम्बोइउ या दिग्दर्शकाचा २००६ मधील एक चित्रपट आहे. त्याच्या मूळ नावाचा अर्थच 'झाली की नाही झाली?' असा आहे. एका लहान गावातल्या स्टुडिओत तीन माणसे बसून वाद घालतात की चाउशेस्कूचे हेलिकॉप्टर उडण्यापूर्वी आमच्या गावात कोणी चौकात आले होते की नव्हते. चित्रपट विनोदी आहे. पण ज्या घरातला मुलगा परतला नाही त्या घराला हा प्रश्न विनोदी वाटणार नाही.

या प्रश्नाचे सर्वांत करारी उत्तर आम्हांस एका इजिप्शियन लेखिकेच्या कादंबरीत सापडले. बस्मा अब्दुल अझीझ या व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची 'अत्ताबूर' म्हणजे 'रांग' ही कादंबरी २०१३ ची. एका अनाम शहरात उठाव चिरडला गेला आहे. सत्तेचे नाव 'दरवाजा'. प्रत्येक कामासाठी या दरवाज्याचा परवाना लागतो आणि दरवाजा उघडतच नाही, म्हणून लोक न संपणाऱ्या रांगेत उभे आहेत. त्या रांगेत यह्या नावाचा एक माणूस आहे. त्याच्या शरीरात गोळी आहे. ती काढायला परवाना हवा. पण सरकारचे म्हणणे असे की गोळ्या झाडल्याच गेल्या नाहीत. मग नसलेली गोळी काढायचा परवाना द्यायचा कसा? त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर तारिक कायदा पाळणारा सज्जन गृहस्थ आहे, आणि म्हणूनच शस्त्रक्रिया करत नाही. कोद्रेस्कू यांच्या शंकेला याहून चांगले उत्तर आम्ही वाचलेले नाही. शंका घेणाऱ्याने एवढे विसरू नये की कुणाच्या तरी शरीरात गोळी अजून आहे.

दुसरा मुद्दा धर्माचा. तो आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा असल्याने स्पष्ट लिहितो. तिमिशोआराचा उठाव सुरू कुठे झाला? लास्लो टोकेश या हंगेरियन वंशाच्या पाद्र्याला घरातून हाकलू नये म्हणून त्याच्या चर्चची माणसे दारात जमली, तिथे. पुढे इतर शहरवासी येऊन मिळाले. म्हणजे सुरुवात एका धर्मगुरूच्या दारातून झाली. तरी जगाने त्याला धार्मिक उन्माद म्हटले नाही, आणि म्हणू नये हेच योग्य होते. पुढे रुमानियात गोष्टी बिघडल्या तेव्हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म लोकशाहीला पोषक आहे की नाही असा प्रश्नही कोणी विचारला नाही. इजिप्त, सीरिया, येमेनमध्ये मात्र लोक जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतून मोर्चाने निघाले की ही धर्मवेड्यांची गर्दी ठरली, आणि उठाव फसला की दोष इस्लामच्या पदरी पडला. वास्तविक ज्या देशात सभाबंदी असते तिथे माणसांना एकत्र जमण्याची एकच जागा उरते. ती कुठे चर्च असते, कुठे मशीद.

फरक शोधायचाच तर तो देवळा-मशिदीत नव्हे, शेजारात शोधावा. रुमानिया अडखळत का होईना २००४ मध्ये नाटोत आणि २००७ मध्ये युरोपीय संघात गेला. त्याच्यासाठी एक दार उघडे होते आणि त्या दारातून जायचे तर कायदे सुधारावे लागत होते. इजिप्तच्या लष्कराला अमेरिकेकडून वर्षाला १.३ अब्ज डॉलरची मदत मिळत आली आणि २०१३ च्या सत्तापालटानंतर आखाती राजवटींनी तिजोऱ्या उघडल्या. बहारीनमध्ये तर १४ मार्च २०११ ला सौदी नेतृत्वाखालील फौजाच शिरल्या आणि चार दिवसांत मोत्याच्या चौकातले स्मारक पाडून टाकण्यात आले. ट्युनिशियाने २०१४ मध्ये चांगली राज्यघटना केली, तिथल्या चार संघटनांच्या संवादगटाला २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले, आणि २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसदच गोठवली. या कशाचेही उत्तर कुराणात शोधून सापडणार नाही. ते पैशात, फौजांत आणि करारांत आहे.

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी. तिमिशोआरात गोळीबार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी चाउशेस्कू राजकीय दौऱ्यावर गेला तो तेहरानला. एका क्रांतीतून आलेल्या सरकारने दुसऱ्या देशात क्रांती चिरडणाऱ्याचे स्वागत केले. आणि २२ डिसेंबरनंतर बुखारेस्टच्या छपरांवरून गोळ्या झाडणारे अज्ञात 'दहशतवादी' हे अरब आहेत, लिबियाचे किंवा पॅलेस्टाईनचे आहेत, ही अफवा शहरभर पसरली होती. त्या अफवेला कधी आधार मिळाला नाही. तेव्हा त्या देशात शिकायला आलेले पुष्कळ अरब विद्यार्थी होते. त्या आठवड्यात ते रस्त्याने कसे चालले असतील, याची कल्पना आमच्या वाचकांना निराळी सांगावी लागणार नाही.

तिसरा मुद्दा परदेशी राहणाऱ्याच्या नजरेचा. ती नजर दोन गोष्टी चांगल्या पाहते. गाव सोडले तेव्हा कसे होते आणि आज कसे आहे यातला फरक तिला दिसतो, आणि जिथल्या माणसांना भीतीने बोलता येत नाही ते ती बोलू शकते. पण तिला एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे मधला काळ. रेशनच्या रांगा, खबऱ्या शेजारी, मुलाच्या नोकरीसाठी गिळलेला अपमान. हे न सोसलेला माणूस पहिल्या दिवशी वाजवीपेक्षा जास्त हर्षित होतो आणि सहा महिन्यांनी वाजवीपेक्षा जास्त निराश. कोद्रेस्कू यांच्या पुस्तकाचे दोन भाग आम्हांस याचेच उदाहरण वाटतात.

याच्या शेजारी सीरियाच्या समर यझबेक यांना ठेवून पाहावे. त्यांचा जन्म सत्ताधाऱ्यांच्याच अलवी समाजातला. तरी त्या उठावाच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि २०११ मध्येच त्यांना देश सोडून पॅरिस गाठावे लागले. पण पुढच्या दोन वर्षांत त्या तुर्कस्तानच्या सीमेवरून चोरवाटेने पुन्हा पुन्हा आत गेल्या. 'द क्रॉसिंग' या नावाने इंग्रजीत आलेले त्यांचे पुस्तक हा त्या फेऱ्यांचा वृत्तान्त आहे. त्यांचाही भ्रमनिरास होतो. सशस्त्र गट उठाव गिळत चालले आहेत हे त्या डोळ्यांनी पाहतात आणि लिहितात. पण सारे नाटक होते असे त्या म्हणत नाहीत, कारण ज्या घरात त्या जेवल्या, ज्या तळघरात बॉम्बवर्षावात बसल्या, त्या माणसांची साक्ष त्यांच्यापाशी आहे. कोद्रेस्कू कॅमेऱ्यांबरोबर गेले आणि त्यांनी इंग्रजीत अमेरिकेला सांगितले. यझबेक तारेखालून गेल्या आणि त्यांनी अरबीत अरबांना सांगितले. आपण कोणाला उद्देशून लिहितो यावरूनही लेखकाची निराशा कोणत्या जातीची होते हे ठरत असावे.

आता आमच्याविषयी. कारण अरब जगाकडे दुरून पाहणारे आम्हीही आहोत. कोकणातल्या रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वाड्यांतून कुवेत, बहारीन, सौदीला नोकरीला गेलेली पिढ्यान् पिढ्या माणसे आहेत. २०११ मध्ये लिबियातून सुमारे १५ हजार आणि २०१५ मध्ये येमेनमधून साडेचार हजारांवर भारतीयांना सरकारने सुखरूप आणले. म्हणजे हे उठाव आमच्यासाठी केवळ टीव्हीवरचे नव्हते. तरी आम्ही ते कसे पाहिले? आधी उम्मत जागी झाली म्हणून आनंदलो. मग फसले तसे अमेरिकेचा आणि इस्राएलचा कट म्हणून मोकळे झालो. कोद्रेस्कू यांचे दोन भाग आम्हीही जगलो, मात्र त्यांच्यासारखी कबुली दिली नाही. गद्दाफी आणि असद अमेरिकेला शिव्या देतात म्हणून आमच्यातल्या पुष्कळांना ते जवळचे वाटत होते. त्यांच्या तुरुंगात कोण सडत होते हे विचारायची गरज वाटली नाही. राबिआचे मृत आम्ही मोजले, मास्पेरोचे मोजले का? बहारीनमध्ये मार खाणारे बहुतांशी शिया होते म्हणून आमचा आवाज खाली आला का? हे प्रश्न कडू आहेत. पण इथे अल्पसंख्य म्हणून न्याय मागणाऱ्या समाजाने तिथल्या अल्पसंख्याकांविषयी गप्प राहणे शोभत नाही.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद दमास्कस सोडून पळाले, उठाव सुरू झाल्यावर तेरा वर्षांनी. त्या दिवशी चौकाचौकात हिरवा-पांढरा-काळा, तीन लाल ताऱ्यांचा ध्वज दिसला. हा १९३२ सालचा जुना ध्वज. लिबियानेही २०११ मध्ये आपला राजेशाहीच्या काळातला ध्वज परत आणला होता. रुमानियातल्या लोकांनी चिन्ह कापून जागा मोकळी ठेवली, आणि त्या मोकळ्या जागेतून इलिएस्कू आत आले. सीरियात लोकांनी असदपूर्वीचे निशाण हाती धरले. त्याखाली कोण कसा राज्य करील, अलवी, द्रुझ, ख्रिस्ती, कुर्द यांना त्यात काय स्थान मिळेल, हे निशाणाने ठरत नाही. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर अलवी नागरिकांची कत्तल झाली तेव्हा ते दिसलेच. यझबेक यांचा जन्म त्याच किनाऱ्यावरच्या जब्ला गावातला.

म्हणून 'द होल इन द फ्लॅग' अवश्य वाचावे, पण एकटे वाचू नये. त्यातून सावधपणा घ्यावा. पहिल्या दिवसाचा आकडा तपासावा, पडद्यावरचे प्रेत कोणाचे हे विचारावे, नव्या नेत्याचा जुना हुद्दा पाहावा. त्यातली अखेरची उदासी मात्र घेऊ नये. त्यासाठी बस्मा अब्दुल अझीझ आणि समर यझबेक शेजारी ठेवाव्यात. आणि लिबिया-येमेनमधून परत आलेली जी माणसे आमच्याच मोहल्ल्यांत आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांनी काय पाहिले ते मराठीत लिहून घ्यावे. त्यांतली काही आता म्हातारी होत चालली आहेत. ती साक्ष आमच्या अंगणात आहे, आणि ती नोंदवायला कोणत्याही दरवाज्याचा परवाना लागत नाही.